रान रिकामं नव्हतं

दक्षिण ब्राझीलमध्ये दरवर्षी २५ जुलैला कोलोनोचा दिवस पाळतात. कोलोनो म्हणजे परमुलखातून येऊन, सरकारने आखून दिलेल्या तुकड्यावर घरदार उभं करणारा शेतकरी. १८२४ साली याच तारखेला ३९ जर्मन माणसं सिनोस नदीच्या काठी उतरली. त्या वस्तीचं पुढे साओ लिओपोल्दो झालं. २०२४ मध्ये या घटनेला दोनशे वर्षं झाली. त्याच वर्षी मे महिन्यात आलेल्या महापुराने साओ लिओपोल्दोचा मोठा भाग पाण्याखाली गेला, त्यामुळे द्विशताब्दीवर पुराचं सावट होतं. पण हा इतिहास सांगताना एक वाक्य हमखास येतं, ते अजूनही येतं: आमच्या पूर्वजांनी रिकाम्या रानातून शेती उभी केली.

मला या एका वाक्याबद्दल बोलायचं आहे. त्यातलं 'शेती उभी केली' हे अक्षरशः खरं आहे. 'रिकाम्या' हा शब्द खोटा आहे. आणि या खोट्या शब्दावर आजही माणसांच्या जमिनी अडकून पडल्या आहेत.

आधी खऱ्या भागाबद्दल, कारण तो नीट न सांगता पुढचं बोलणं अन्यायाचं होईल.

सुरुवातीला आलेले बरेच लोक पश्चिम जर्मनीतल्या हुन्सर्युक भागातले होते. तिथे जमिनीची सगळ्या मुलांत वाटणी व्हायची. पिढ्यान् पिढ्या वाटण्या होऊन शेवटी बांधच जास्त आणि शेत कमी अशी गत झाली होती. नंतर उत्तरेकडच्या पोमेरानियातून लोक आले. ते तर जमीनदाराच्या शेतावर राबणारे मजूर, स्वतःची वीतभर जमीन नसलेले. अशा माणसाला दलाल गाठायचे. ब्राझीलच्या सम्राटाच्या वतीने माणसं गोळा करणाऱ्या शेफर नावाच्या दलालाने ७७ हेक्टर जमीन, गुरंढोरं, बी-बियाणं, सुरुवातीला रोजचा भत्ता, करमाफी, नागरिकत्व आणि धर्मस्वातंत्र्य अशी सगळी खैरात जाहीर केली होती. ज्याच्या घरात चार एकरांवरून भावाभावांत भांडणं झाली आहेत त्याला ७७ हेक्टर हा आकडा कसा ऐकू येत असेल, याची कल्पना आपण करू शकतो.

धर्मस्वातंत्र्याचं आश्वासन तर देणाऱ्याच्या हातातच नव्हतं. १८२४ च्या ब्राझीलच्या राज्यघटनेने कॅथलिक पंथ हा राज्याचा धर्म ठरवला होता. इतरांनी प्रार्थना करायची ती घरात, आणि त्या घराला बाहेरून देवळाचा आकार असता कामा नये. प्रॉटेस्टंट लग्नांना कायद्याने मान्यता देणारा कायदा १८६१ मध्ये आला. म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षं या शेतकऱ्यांचे संसार सरकारदरबारी लग्नाचे संसारच नव्हते.

आता या कोलोनोचं रोजचं जगणं पाहा. १८५० मध्ये हेरमान ब्लुमेनाउ याने १७ माणसांना घेऊन सांता कातारिना प्रांतात इताजाई नदीवर वसाहत सुरू केली. आज तिथे त्याच्या नावाचं शहर आहे. इथला तुकडा साधारण २५ हेक्टरांचा. ओढ्याला लागून अरुंद तोंड आणि मागे डोंगरापर्यंत लांबच लांब पट्टी. तिथवर जायला रस्ता म्हणजे झाडं तोडून काढलेली पायवाट. तिला पिकाडा म्हणत, आणि वस्त्यांची नावंही त्या पिकाडांवरून पडत. पहिलं घर पामच्या खोडांचं, वर पामच्या झावळ्या. आधी कोयत्याने खालची झुडपं साफ करायची, मग कुऱ्हाडीने मोठी झाडं पाडायची, काही आठवडे ती वाळू द्यायची, आणि पाऊस यायच्या आत पेटवायची. कोकणात राब भाजतात तो ज्याने पाहिला आहे, त्याला ही राख आणि तो वास ओळखीचा वाटेल. फक्त इथे जळत होतं ते माणसाच्या कवेत न मावणाऱ्या झाडांचं रान. राख थंड झाली की काठीने भोकं पाडून जळक्या बुंध्यांच्या मधोमध मका आणि घेवडा टोचायचा. नांगर चालवायचा प्रश्नच नव्हता, कारण ते बुंधे कुजून निघायला वर्षानुवर्षं लागत. गावाकडून आणलेलं राय नावाच्या धान्याचं बियाणं या उकाड्यात धड येत नसे. कसावा कसा लावायचा, त्याचं पीठ कसं करायचं, रान कोणत्या महिन्यात पेटवायचं, हे त्याला आसपासच्या गरीब स्थानिक लोकांकडून शिकावं लागलं. नाताळ ऐन उन्हाळ्यात येई. जवळचा डॉक्टर दिवसभराच्या वाटेवर असला तर नशीब.

शिकलेली माणसंही यातून सुटली नाहीत. निसर्ग-अभ्यासक फ्रिट्झ म्युलर १८५२ मध्ये बायको-मुलीसह इथे आले ते शेतकरी म्हणूनच. स्वतः झाडं तोडली, झोपडी बांधली. पुढे डार्विनच्या सिद्धान्ताला भक्कम पुरावा देणारं त्यांचं पुस्तक १८६४ मध्ये आलं आणि डार्विनशी त्यांचा वर्षानुवर्षं पत्रव्यवहार चालला. तो पत्रव्यवहार हाताला घट्टे पडलेल्या माणसाचा होता.

जर्मन वसाहतवाल्यांत एक जुनी म्हण आहे: पहिल्याला मरण, दुसऱ्याला ददात, तिसऱ्याला भाकर. पहिल्या पिढीने काय सोसलं याबद्दल माझ्या मनात शंका नाही, आणि जे लोक या कोलोनोंना सरसकट 'लुटारू' म्हणून मोकळे होतात त्यांच्याशी मी सहमत नाही. या माणसाला त्याच्या देशात जमीन नव्हती. परक्या देशात मिळाली ती बहुतेकदा कर्जावर, आणि ते कर्ज फेडण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली.

त्याला पिळणारेही होतेच. पिकाडाच्या तोंडाशी व्हेंडा असे, म्हणजे दुकान. मका, चरबी, लोणी, तंबाखू दुकानदार घेई आणि बदल्यात मीठ, कापड, लोखंड देई. भाव दोन्ही बाजूंचा तोच ठरवी, आणि हिशेबाची वही त्याच्याकडेच. बाजारापर्यंत माल नेण्याची सोयही त्याच्याच हाती. आपल्याकडच्या सावकारी पेढीची ज्याला ओळख आहे त्याला यातलं काही नवीन नाही. दक्षिण ब्राझीलमधल्या अनेक बड्या जर्मन घराण्यांच्या भांडवलाची सुरुवात या वहीतूनच झाली आहे.

आणि इथूनच गोष्ट वळण घेते. एका घरात आठ-दहा मुलं. पंचवीस हेक्टर, त्यातली निम्मी उतारावर. राखेची ताकद काही पिकांत संपते, मग मागचं रान तोडावं लागतं. मुलं मोठी झाली की त्यांना नवा तुकडा लागतो. जी वाटणी टाळण्यासाठी आजा समुद्र ओलांडून आला, ती नातवाच्या दारात उभी. उपाय एकच: नदीच्या वरच्या अंगाला जायचं. प्रत्येक पिढी खोऱ्यात थोडी आत सरकली. १८९७ मध्ये हांबुर्गला एक वसाहत कंपनी निघाली. तिने इताजाईच्या वरच्या खोऱ्यात सरकारकडून जमीन मिळवली, तिचे तुकडे पाडले आणि विकले. तिच्या वसाहतीचं मुख्य ठाणं हामोनिया, आजचं इबिरामा.

ते खोरं शोक्लेंग लोकांचं होतं.

शोक्लेंग हे तिथले आदिवासी. ते एका जागी घरं बांधून राहत नसत. हिवाळ्याच्या तोंडाला पठारावर आराउकारियाच्या झाडांना बिया येत, तेव्हा ते वर जात; एरवी खाली खोऱ्यांत शिकार, मध, कंदमुळं. वर्षाचा एक फेरा, आणि त्या फेऱ्यातली प्रत्येक जागा त्यांना माहीत. पण १८५० चा ब्राझीलचा जमीन कायदा असं मानत होता की ज्या जमिनीला कागद नाही आणि जिच्यावर नांगर-कुंपण दिसत नाही ती पडीक, म्हणून सरकारची. फिरत जगणाऱ्याची जमीन या व्याख्येत बसतच नव्हती. एका शब्दाने अख्खं खोरं सरकारजमा झालं, सरकारने ते कंपनीला दिलं, कंपनीने कोलोनोला विकलं. कोलोनोच्या हातात जो कागद आला तो त्याच्या दृष्टीने चोख होता.

मग जे होणार तेच झालं. शोक्लेंग एकाकी घरांवर हल्ले करत, माणसं मारत, बाणांच्या टोकांसाठी लोखंड नेत. कोलोनोंच्या मनातली भीती खरी होती. रात्री कुत्रं भुंकलं की बंदूक हातात घेणाऱ्या माणसाला भित्रा म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. पण उत्तर म्हणून जे आलं त्याला स्वसंरक्षण म्हणता येत नाही. 'बुग्रेइरो' नावाच्या भाडोत्री टोळ्या रानात सोडल्या गेल्या. त्यांना पैसे कधी सरकारकडून, कधी कंपन्यांकडून, कधी वसाहतवाल्यांच्या वर्गणीतून मिळत. माग काढत जायचं, पहाटे तळ झोपेत असताना घेरायचा, बायका-पोरांसकट कापून काढायचा. काम झाल्याचा पुरावा म्हणून कान आणत. वाचलेली मुलं वसाहतीत आणून वाटत.

अशीच एक मुलगी, कोरिक्रा. ब्लुमेनाउमधले डॉक्टर हुगो गेन्श यांनी तिला पोटच्या मुलीसारखी वाढवली, जर्मन-फ्रेंच शिकवलं आणि १९०८ मध्ये तिच्या शिक्षणावर एक पुस्तिका लिहिली. म्हणणं असं की हे मूल कोणत्याही युरोपीय मुलासारखंच शिकतं. हे सिद्ध करून दाखवावं लागत होतं, कारण त्याच काळात साओ पाउलोच्या संग्रहालयाचे जर्मन वंशाचे संचालक हेरमान फॉन इहेरिंग उघडपणे लिहीत होते की वसाहतींच्या आड येणाऱ्या आदिवासींना नष्ट करण्यावाचून उपाय दिसत नाही. १९०८ मध्येच व्हिएन्नाच्या परिषदेत आल्बेर्तो फ्रिच या चेक अभ्यासकाने दक्षिण ब्राझीलमधल्या या कत्तलींची जाहीर वाच्यता केली. जर्मनीत त्यांच्यावरच टीकेची झोड उठली. पण वाद ब्राझीलभर पेटला, आणि १९१० मध्ये लष्करी अधिकारी रोंदोन यांच्या नेतृत्वाखाली आदिवासी संरक्षण सेवा स्थापन झाली. मला हा वाद महत्त्वाचा वाटतो, कारण 'तेव्हाच्या लोकांना काय कळत होतं' ही सबब त्यामुळे उरत नाही. ब्लुमेनाउच्याच एका जर्मन डॉक्टरला ते कळत होतं.

१९१४ मध्ये शोक्लेंगांचा एक गट सरकारी माणसांसमोर आला. त्यानंतर काही वर्षांत साथींनी त्यांतली निम्म्याहून अधिक माणसं गेली. १९२६ मध्ये त्यांच्यासाठी सुमारे २० हजार हेक्टर राखून ठेवले, पुढे ते १४ हजारांवर आणले. आणि मग धरण आलं. खालच्या ब्लुमेनाउला पुराचा धोका कायमचा. म्हणून वरच्या अंगाला, शोक्लेंगांच्या उरल्यासुरल्या जमिनीच्या दारात, १९७६ मध्ये बाराजें नॉर्ते नावाचं पूरनियंत्रक धरण बांधायला घेतलं. ते १९९२ मध्ये पुरं झालं. पाण्याखाली गेली ती त्यांची नदीकाठची सपाट, कसदार जमीन. कोयना-उजनीच्या मुलखात अशा माणसांना धरणग्रस्त म्हणतात, आणि खालच्यांनी तरायचं म्हणून वरच्यांनी बुडायचं हा व्यवहार आपल्याला कोणी समजावून सांगायला नको.

कोलोनोलाही सरकारने दगा दिलाच, हेही इथेच नोंदवतो. १९३८ पासून जेतुलिओ व्हार्गास यांच्या राजवटीने जर्मन शाळांवर गदा आणली, आणि १९४२ मध्ये ब्राझील युद्धात उतरल्यावर चारचौघांत जर्मन बोलणं हाच गुन्हा झाला. ज्या आजीला दुसरी भाषाच येत नव्हती ती घराबाहेर मुकी झाली. आज हुन्सर्युकची बोली आणि पोमेरानियन भाषा ब्राझीलच्या खेड्यांत तग धरून आहेत. १९४५ नंतर खुद्द पोमेरानियातून जर्मन माणूसच हुसकला गेला, पण ब्राझीलच्या एस्पिरितो सांतो राज्यातल्या डोंगरातले कॉफीचे शेतकरी ती भाषा अजून बोलतात. भाषा हिरावून घेतल्याचं दुःख ज्यांच्या घरात ताजं आहे, त्यांना शोक्लेंगांचं दुःख परकं वाटायला नको, असं मला मनापासून वाटतं.

आता आजचा प्रश्न. २००३ मध्ये केंद्र सरकारने शोक्लेंगांची मूळ जमीन म्हणून सुमारे ३७ हजार हेक्टर जाहीर केले. त्यात शेकडो शेतकरी कुटुंबं बसतात, जर्मन, इटालियन, पोलिश वंशाची, बहुतेक अल्पभूधारक. सांता कातारिना राज्य कोर्टात गेलं, आणि तिथून एक सिद्धान्त सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला: ५ ऑक्टोबर १९८८ला, म्हणजे नवी राज्यघटना लागू झाली त्या दिवशी, आदिवासी ज्या जमिनीवर प्रत्यक्ष होते तेवढीच त्यांची. २१ सप्टेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नऊ विरुद्ध दोन मतांनी हा सिद्धान्त फेटाळला. पण डिसेंबरमध्ये संसदेने राष्ट्रपती लुला यांचा नकाराधिकार मोडून काढत तीच तारीख कायद्यात घातली, आणि भांडण पुन्हा कोर्टात गेलं.

या तारखेला माझा ठाम विरोध आहे. ज्याला कुत्री आणि बंदुका लावून हाकललं, त्याला सत्तर वर्षांनी विचारायचं की त्या दिवशी तू तिथे का नव्हतास? हाकलणाऱ्याने हाकलण्याचं काम जितकं चोख केलं तितका त्याचा हक्क पक्का, असा हा हिशेब होतो. आपल्याकडेही तारखा आहेत. २००६ च्या वनहक्क कायद्यात १३ डिसेंबर २००५ आहे; त्या दिवशी ताबा दाखवता आला नाही म्हणून दावा गेला, ही तक्रार पाड्यापाड्यांवर ऐकायला मिळते. पण याच महाराष्ट्राने १९७४ मध्ये आदिवासींच्या जमिनी परत देण्याचा जो कायदा केला, तो १९५७ पर्यंत मागे गेला आणि कागदोपत्री पक्के झालेले व्यवहार त्याने उलगडले. अंमलबजावणीबद्दल बोलण्यासारखं पुष्कळ आहे. तरी कायद्याला मागे वळून पाहता येतं, एवढं त्यातून दिसतं.

'मग काय सगळा ब्राझील परत द्यायचा?' हा प्रश्न लगेच येतो. मागणी ३७ हजार हेक्टरांची आहे. सांता कातारिना राज्याच्या क्षेत्रफळाच्या ते अर्धा टक्काही भरत नाही.

यापेक्षा अवघड प्रश्न त्या तंबाखू लावणाऱ्या अल्पभूधारकाचा आहे, आणि तो टाळून शोक्लेंगांच्या बाजूने बोलणं मला पटत नाही. त्याने कोणाला मारलेलं नाही. त्याच्या पणज्याने सरकारी शिक्का पाहून पैसे मोजले. १९८८ च्या घटनेतलं कलम २३१ आदिवासींच्या जमिनीवरचे असे सगळे कागद रद्द ठरवतं, आणि सद्भावनेने राहणाऱ्याला भरपाई देतं ती फक्त घर, गोठा, लावलेली झाडं यांची; जमिनीची नाही. म्हणजे ज्या सरकारने दुसऱ्याची जमीन विकून पैसे खिशात घातले, ते हात वर करणार, आणि तीन पिढ्यांचा घाम शेतकऱ्याच्या माथी. हा अन्याय आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ च्या निकालात इथेच वाट काढली: सद्भावनेने जमीन घेतलेल्याला जमिनीचीही किंमत मिळावी, केंद्राने ती द्यावी आणि ज्या राज्याने चुकीचा कागद दिला त्याच्याकडून वसूल करावी. काही आदिवासी संघटनांना या भरपाईची धास्ती आहे, कारण पैसे नाहीत म्हणून जमीन अडवून धरायला सरकारला निमित्त मिळतं. ती धास्ती रास्त आहे. म्हणून पैशाची सोय आधी व्हायला हवी, अंदाजपत्रकात वेगळी, दरवर्षी. शेतकऱ्याला पर्यायी जमीन किंवा रोख, त्याच्या पसंतीने, घर सोडण्याआधी हातात. विक्रेता अजून जिवंत आहे. त्याचं नाव सांता कातारिना राज्य, आणि त्याच्या तिजोरीत पैसे येतात.

कोलोनोच्या संघटनांनी हीच मागणी लावून धरली असती, तर शोक्लेंग आणि ते एका बाजूला उभे राहिले असते. त्याऐवजी त्यांना तारखेच्या मागे उभं करण्यात आलं, कारण तारखेला राज्याचा एक पैसाही खर्च होत नाही.

निकालाला तीन आठवडे होत नाहीत तोच, ऑक्टोबर २०२३ मध्ये, इताजाईच्या खोऱ्यात पावसाने धुमाकूळ घातला. ब्लुमेनाउ वाचवण्यासाठी राज्यपालांनी बाराजें नॉर्तेचे दरवाजे बंद करायला सांगितलं. शोक्लेंग धरणावर आडवे आले, पोलिसांशी झटापट झाली, माणसं जखमी झाली. दरवाजे बंद झाले. खाली ब्लुमेनाउत पाण्याची पातळी मोजत लोक जागे होते, आणि वरच्या अंगाला पाणी मागे तुंबत शोक्लेंगांच्या घरांत शिरत होतं.